चांदीच्या पेल्यातला पुदिना

आमच्या रोह्याच्या घरात गॅलरीतली पुदिन्याची कुंडी आईची आणि चांदीचा पेलाही आईचाच. पेला तिला लग्नात मामाने दिलेला. एकादशीला ती त्यातून दूध घेते. एरवी तो देवघरात पालथा असतो. मी दोन्हींना हात लावला, तोही बर्बनसाठी.

बाटली कंपनीतल्या एका मित्राने परदेशातून आणून दिली होती. मोबाईलवर पाहिलं, की मक्याच्या या व्हिस्कीत साखर आणि पुदिना घालतात, वर बर्फाचा चुरा रचतात आणि चांदीच्या पेल्यात देतात, म्हणजे पेल्याला बाहेरून दव धरतं. झालं, आमच्या अंगात साहेब संचारला! आई दोन दिवस धरमतरच्या खाडीकाठी माहेरी गेलेली, बायको माणगावला लग्नाला, आणि माझी सकाळची शिफ्ट संपलेली.

पुदिना हलक्या हाताने चुरडायचा असतो. मी खलबत्त्यात असा कुटला, की त्याची चटणीच झाली. ती गाळून घेतली. बर्फ टॉवेलात बांधून लाटण्याने फोडला. दोनदा बर्बन ओतलं आणि बाटली तांदळाच्या डब्यामागे सरकवली. घरात कुणी नसताना बाटली का लपवली, हे मला आजही सांगता येत नाही. पेल्यावर खरंच पांढरं दव आलं. वर खोचायला एक तुरा हवा म्हणून मी गॅलरीत गेलो.

परत आलो तर ओट्यापाशी आई. एक दिवस आधीच परतलेली, मे महिन्याच्या उन्हात एसटीतून. पिशवी खाली, पदर घामाने भिजलेला आणि पेला हातात. आपल्याच पेल्यात आपल्याच कुंडीतला पुदिना म्हटल्यावर तिला वाटलं, पोराने माझ्यासाठी सरबत केलंय. तिने मोठा घोट घेतला होता, पण गिळला नव्हता. गाल फुगलेले आणि डोळे माझ्यावर.

माझी आई माळकरी आहे. अठराव्या वर्षापासून तिच्या गळ्यात तुळशीची माळ आहे आणि मटण-मच्छी, दारू वर्ज्य. खाडीकाठच्या घरात वाढून मासळी सोडणं ही काय चेष्टा नाही.

"थुंक," एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "औषध आहे आई, पोटाचं."

तिने गिळलं. माझ्या शब्दावर गिळलं.

"जलजलतंय रं," म्हणाली आणि पेला खाली ठेवला. मग तिचं लक्ष ओल्या टॉवेलाकडे गेलं, लाटण्याकडे गेलं. तिने पेला पुन्हा उचलला, हुंगला आणि मोरीत ओतला.

संध्याकाळी माळ देवघरातल्या खिळ्याला टांगलेली दिसली. "का काढलीस?" मी साळसूदपणे विचारलं.

"सूत झिजलंय."

रविवारी म्हणाली, "मना गावाला सोड." वडखळवरून आत वळून मी तिला तिच्या माहेरच्या बुवांच्या दारात नेलं. अठराव्या वर्षी तिला माळ घालणारे हेच. जन्मभर मिठागरात राबलेले, आता पार थकलेले.

"काय झालं गो?" त्यांनी विचारलं.

"तोंडाला दारू लागली, बुवा. पोराची व्हती. त्यानं नाय दिली. मीच न इचारता पेला उचलला."

बुवांनी माझ्याकडे पाहिलं. "व्हय रं?"

उंबऱ्याशी उभा होतो. आईने मान खाली घातली होती. औषधाची गोष्ट आम्हा दोघांतच होती आणि ती सांगायची वेळ हीच होती.

"व्हय," मी म्हणालो.

बुवांनी तिला तीन एकादश्या निर्जळी करायला सांगितल्या आणि माळ पुन्हा गळ्यात घातली. शिक्षा माझी होती, भोगली तिने.

बाटली मी फोडून टाकली, त्याने काय होणार? पुदिना मात्र जोमाने वाढतोय. परवा तिला ठसका लागला म्हणून मी धावत पाणी नेलं, साधं, माठातलं. तिने भांडं ओठांपर्यंत नेलं आणि थांबली.

"पानीच हाय ना रं?"