मेंढराचं औषध माझ्या डोक्याला

बारावीच्या वर्षी मला टायफड झाला. ताप उतरला, मी जेवायला लागले, सगळे म्हणाले पोरगी वाचली. आणि दोन-अडीच महिन्यांनी केस जायला लागले. फणी फिरवली की मूठभर गुंतवळ, डोक्यावरून पाणी घेतलं की मोरी तुंबलेली. माय भाकरी थापताना मला जवळ बसू देईना, पिठात केस निघायचा. भांग रुंद होत चालला होता, त्यातून पांढरी कातडी दिसायची. टकली म्हणून जगायचं कसं, ह्यापलीकडं मला काही सुचत नव्हतं. अभ्यास गेला खड्ड्यात.

कांद्याचा रस झाला, जास्वंदीचा पाला झाला. शेजारणी म्हणायच्या, वेणी घट्ट घाल, मुळं धरतील. मी ओल्या केसांचीच वेणी आवळायचे, कपाळ ठणकेपर्यंत. तरी गळायचेच.

हिंगोलीजवळच्या गोरेगावच्या शिवारात आमची मेंढरं होती. मेंढराला खरूज होऊन लोकर झडली, की आबा, माझे वडील, करंजीच्या तेलात गंधक आणि बिब्ब्याचं तेल कालवून लावायचे. थोड्या दिवसांनी लोकर परत. हे आम्ही डोळ्यांनी पाहिलेलं. एका संध्याकाळी मीच म्हणाले, "आबा, तेच माझ्या डोक्याला लावा."

"येडी झालीस का? जनावराचं हाय ते."

"लोकर येती ना? मग केस काहून येणार न्हाईत?"

ते न्हाईच म्हणत राहिले. मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी बिब्बा निम्म्यानं कमी घातला आणि चिंधीनं जिथं जिथं विरळ होतं तिथं हळूहळू लावलं. "आग व्हती का?" सारखं विचारत होते. होत होती. मी न्हाई म्हणाले.

सकाळी बिब्बा उतला होता. डोळे उघडेनात, डोकं फोडांनी भरलेलं. फोड फुटले, चिघळले. महिनाभर मी पालथी झोपले.

मग आबांनी जीपनं हिंगोलीला नेलं. हिंगोली तेव्हा जिल्हाही झाली नव्हती. डॉक्टरांनी खपल्या पाहिल्या आणि कपाळावर हात मारला. म्हणाले, मोठ्या तापानंतर केस जातातच, सहा-आठ महिन्यांत आपोआप येतात. रक्त कमी आहे, डाळ-पालेभाजी खायची. ओले केस बांधायचे नाहीत, वेणी सैल घालायची, नखांनी खाजवायचं नाही, उन्हात डोकं झाकायचं. बास. "पण जिथं कातडी जळून वण पडला, तिथं आता येणार नाहीत."

आबा माझ्या मागंच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं.

जीपच्या थांब्यावर, चार माणसांत, माझा तोल गेला. "तुमी जाळलं माझं डोकं. तुमी." मागणं माझं होतं, उपाशी मी बसले होते, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. मला कुणावर तरी राग काढायचा होता आणि समोर ते होते. आबा म्हणाले, "बराबर हाय."

बाकीचे केस आले. मधे तळहाताएवढी जागा राहिली, ती मी आजही पदराखाली झाकते.

चार वर्षांनी लग्न झालं. निघताना सगळ्यांच्या पाया पडले, सगळ्यांनी डोक्यावर हात ठेवला. आबांचा हात पदरापर्यंत आला आणि मागं गेला. त्यांनी मला हात जोडले, बापानं लेकीला. मी तो हात धरून माझ्या डोक्यावर ठेवायला पाहिजे होता. ठेवला न्हाई.