उद्या तारीख हाय

“उद्या तारीख हाय,” असं म्हातारी सांगायची ते लग्नाला निघाल्यासारखं. आदल्या दिवशी लुगडं धुऊन वाळत घालायची, शेंगदाण्याची चटणी कुटायची आणि आमच्या गावच्या पीककर्ज सोसायटीच्या कचेरीत येऊन एसटी कितीला आहे ते विचारायची. एसटीची वेळ वर्षानुवर्षं तीच होती. मी सोसायटीचा सचिव. तरी दर वेळी सांगायचो.

दावा तिच्यावर तिच्याच पोरानं लावला होता. पोरगा बीडला मास्तर. उमापूरच्या शिवारातली चार एकर नवऱ्यामागं तिच्या नावावर झाली होती, त्यात त्याला वाटणी हवी होती.

बँकेच्या कामाला मीही कधी कधी त्याच गाडीनं तालुक्याला जायचो. कोर्टाच्या व्हरांड्यात ती मास्तरच्या समोर बसायची आणि चटणी-भाकरी त्याच्या वकिलाच्या हाती पाठवायची. मास्तर डब्याला हात लावायचा नाही. वकील खायचा. तिखट थोडं कमी टाका, असंही त्यानं एकदा कळवलं.

तुम्ही म्हणाल, बाई भोळी. अजिबात नव्हती. मला राग यायचा. एकदा म्हणालो, मावशी, देऊन टाका त्याची वाटणी, मिटवा एकदाचं.

“देईन की. पण मिटल्यावर त्यो कशाला यील?”

मी पावतीपुस्तक शोधायला लागलो.

मग लागोपाठ दुसरा दुष्काळ पडला. विहिरीचा तळ दिसला, चार एकरांत कुसळ उगवेना. मास्तरनं दावा काढून घेतला. जिंकलात, असं गाव तिला सांगू लागलं. ती तडक माझ्याकडं आली. आता मी त्याच्यावर दावा लावला तर किती वर्षं चालंल, एवढंच तिला हवं होतं.

प्रांतसाहेबांकडं पोटगीचा अर्ज करता येतो, मी सांगितलं. तिचा चेहराच बदलला. मी दोघांची नावं लिहिली, तिनं घाईनं खाली अंगठाही उठवला. मग मी मोठ्यानं वाचत लिहायला लागलो: मुलगा मला सांभाळत नाही.

तिनं माझा हात धरला.

“तसं नका लिवू. मास्तर हाय त्यो. लोक काय म्हंतील त्येला?”

मग काय लिहू?

“मला त्येला बघायचं हाय, असं लिवा.”

तेवढ्यावर अर्ज चालत नाही, असं मला सांगावं लागलं. फार वाईट वाटलं.

त्याच उन्हाळ्यात ती गेली. मास्तर आला आणि तेरा दिवस तिच्या घरी राहिला. तो अर्धवट अर्ज माझ्या कपाटात होता. रोज वाटायचं, नेऊन त्याच्या हातात ठेवावा. ठेवला नाही. तिला ते आवडलं नसतं.