मोजणीत नसलेल्या फाइली

आधी ताईंचं सांगते. नाव लिहू नकोस म्हणाल्यात, म्हणून नुसतं ताई. मेडिकल इन्स्टिट्यूटमध्ये संशोधन करायच्या, मूळच्या आमच्या सोलापूरकडच्या. इथे उत्तरेतल्या शहरात, सेक्टर २२ मध्ये, माझ्या भावाच्या भाड्याच्या खोलीच्या वरच्याच मजल्यावर त्यांची खोली होती. नववीत शाळा सुटलेल्या मला त्यांनी स्वतःच्या कॉम्प्युटरवर शिकवलं आणि शब्द टाकून एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत लावलं.

माझं काम बिल्डचं. रोज सगळ्यांचा कोड एकत्र करायचा, चाचण्या चालवायच्या आणि कंपनी चालवणाऱ्या सरांना कव्हरेज सांगायचं, म्हणजे कोडच्या शंभर ओळींपैकी किती ओळी चाचणीखालून गेल्या ते. आकडा कायम नव्वदच्या वर. सर खूश. "ओये छोटी, तू लकी है हमारे लिए," म्हणत आपल्या डब्यातला पराठा माझ्यापुढे सरकवायचे. परक्या गावात मला तेवढंच खूप होतं.

एक दिवस लक्षात आलं, हॉस्पिटलसाठीच्या प्रोग्राममधली औषधांचा साठा वजा करणारी फाइल कव्हरेजच्या यादीतच नाही. कव्हरेज मोजणाऱ्या टूलची मूळ सेटिंगच तशी होती. चाचणीने जी फाइल उघडलीच नाही, ती मोजणीत धरायचीच नाही. आमच्या शाळेचा दहावीचा निकाल असाच शंभर टक्के लागायचा. कच्च्या पोरांना नववीतच अडकवायचे, नाहीतर बाहेरून सतरा नंबरचा फॉर्म भरा म्हणायचे. त्या शंभरात मी नव्हतेच.

सगळ्या फाइली धरायला लावल्या. आकडा निम्म्यावर आला, बिल्ड लाल, म्हणजे नापास. दुसऱ्याच दिवशी एका हॉस्पिटलला तो प्रोग्राम द्यायचा होता.

सर हळूच म्हणाले, "शाबाश, सही पकड़ा. पर आज पुराना कर दे, बेटा. डिलिव्हरी के बाद मैं खुद सबको बताऊंगा. पक्का."

मी केलं. संध्याकाळी ताईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "कुणी करायला लावलं ते नोंदीत लिहिलंस?"

"सरांवर अविश्वास कसा दाखवू, ताई?"

"अगं, यात कसला अविश्वास? आमच्या लॅबमध्ये बाटली हलवली तरी लिहितात."

उद्या लिहीन म्हटलं. लिहिलं नाही. सरांनीही कुणाला सांगितलं नाही.

महिन्याभरात त्याच फाइलीने घात केला. साठा उणे दिसायला लागला. हॉस्पिटलची माणसं आली, तेव्हा सरांनी पडद्यावर बदलांची नोंद उघडली. सेटिंग मागे नेणारीचं नाव माझं.

"नौवीं फेल को बिल्ड दे दिया जी. ग़लती मेरी ही है," सर त्यांना म्हणाले.

"सर, तुम्हीच तर बोले थे..."

"बाहर बैठ, छोटी."

तोच शब्द, तोच लाडका आवाज. नोकरी गेलीच. अजूनही कुणी डबा पुढे केला की माझा हात आखडतो.

'मी सांगितलं होतं' असं ताई एकदाही बोलल्या नाहीत. लॅबमध्ये आकडे भरायचं काम मिळवून दिलं. सोलापूरहून सतरा नंबरचा फॉर्म मागवला, गणित घोकून घेतलं. दुसऱ्या खेपेला मी दहावी झाले आणि पुन्हा बिल्डच्या कामाला लागले. आता जिथे बिल्ड लावते तिथे पहिल्या दिवसापासून सगळ्या फाइली धरते. एखादी वगळायची तर कारण आणि सांगणाऱ्याचं नाव लिहायचं. पहिल्यांदा येईल तो आकडा मान्य करायचा, मग त्याच्या खाली उतरू द्यायचा नाही. लोक चिडतात. चिडू देत.

ताईंच्या संशोधनाचा जुना प्रोग्राम अजून चालतो. त्याला एकही चाचणी नाही. "सवड झाली की बघ गं," म्हणतात. ताई, एक दिवस तो ओळ न ओळ तपासून तुमच्या हातात देईन. पहिला आकडा शून्यच येईल, पण तो मी तुम्हाला दाखवेन.