हंटर नसलेली सर्कस

नव्वद सालाच्या आसपास हसनाबादकडच्या एका गावात मी अंगणवाडी चालवत होते. अंगणवाडी म्हणजे गावातल्या मोठ्या घराने वापरायला दिलेली एक खोली. पूर्वी तिथे सरकी-पेंड ठेवायचे, तो वास शेवटपर्यंत गेला नाही.

सुपरवायझर बाईंचा निरोप आला, साहेब भेटीला येणार आहेत, मुलांचं काहीतरी करून दाखवा. त्या हिवाळ्यात जालन्याला सर्कस लागली होती. ती बघून आलेली पोरं खोलीत दिवसभर गुरगुरत होती. मी म्हटलं, सर्कसच करू.

राखेची रेघ ओढली, ती तार. सायकलची जुनी रिंग मदतनीस बाई धरायच्या, वाघ त्यातून उड्या मारायचे. जुन्या पायजम्याचे पाय कापून सोंडा शिवल्या. हंटर मात्र ठेवला नाही. मार लेकरांना घरी पुरेसा मिळत होता. जनावरांनी नुसत्या हाकेवर यायचं, असं ठरवलं.

हाक मारायला मी मेंढरं राखणाऱ्या घरातली एक मुलगी निवडली. चार-पाच वर्षांची, पण आवाज रानात वाढलेला. ती "हत्ती, या" म्हणाली की खोली गप्प व्हायची आणि हत्ती खरंच यायचे.

मोठ्या घरची सून एकदा दारात येऊन उभी राहिली. तिचा मुलगा सोंड लावून डुलत होता.

"बाई, आमचं लेकरू हत्ती?"

"त्यानंच मागून घेतलं, ताई."

"आन् ती मेंढरामागची पोर त्याला हाका मारून राह्यली. त्याला सर्कशीचा मालक करा. हंटर आमी देतो."

"हंटर नाही यात. आणि तिच्या हाकेवर सगळी येतात."

तिने भिंतींकडे पाहिलं. "खोली कुणाची हाये, ते ध्यानात असू द्या." मुलाची सोंड ओढून काढली आणि त्याला दंडाला धरून नेलं. तो पार घरापर्यंत रडत गेला.

साहेब येणार त्या सकाळी खोलीला कुलूप होतं. आम्ही मुलांना देवळाजवळच्या चिंचेखाली बसवलं, पुन्हा राख ओढली. जीप आली ती मोठ्या घरापुढे थांबली. साहेबांना बोलवायला मी मदतनीस बाईंना धाडलं. त्या परत आल्या आणि म्हणाल्या, "साहेब नाश्ता करून राह्यले म्हणे. मला दारातच थांबवलं."

मुलं किती वेळ बसणार? खेळ सुरू केला. देवळातल्या चार म्हाताऱ्या बघत होत्या. मुलगी हाक मारत होती, वाघ रिंगीतून येत होते, तेवढ्यात जीप आमच्या मागून धूळ उडवत निघून गेली. मुलांनी तिलाच टाटा केला.

सुपरवायझर बाई नंतर म्हणाल्या, "साहेबांना कुलूप दिसलं. तुम्हाला एक पोर बदलता आली नाही?"

त्यानंतर आम्ही चिंचेखालीच बसू लागलो. एका सकाळी त्या मुलीची आई आली.

"बाई, हिच्यामुळं तुमची खोली गेली. उद्यापासून न्हाई धाडत."

"तिच्यामुळं नाही गेली."

"तुमी उद्या हितून निघून जाल. आमाला हितंच ऱ्हायाचंय."

मी मुलीचा हात धरला, आईने तो हळूच सोडवला.

मुलगी यायची थांबल्यावर आठवड्याच्या आत कुलूप निघालं. किल्ली घेऊन सूनच आली, हसत. मी ती घेतली. लेकरं थंडीत उघड्यावर कुडकुडत होती आणि गावात दुसरी जागा कुणी देत नव्हतं. पण त्या हसण्याचा राग अजून गेलेला नाही.

बऱ्याच वर्षांनी जाफराबादच्या स्टँडबाहेर काळी-पिवळी जीप भरत होती. कडेवर मूल घेतलेली एक बाई माझ्यापुढे आली.

"वळखलं का, बाई? तुमी मला अंगणवाडीतून काढून टाकल्तं."

बोलण्यात तक्रार नव्हती. कुणी गावाचं नाव सांगावं तसं ती सांगत होती.

"मी नाही काढलं गं. तुझी आई घेऊन गेली."

"आई तर म्हणायची, बाईनंच नगं म्हणलं."

मी तिला सगळं सांगायला लागले, खोली, कुलूप, किल्ली. ती मान हलवत होती, पण डोळे जीपमधल्या जागेवर होते. ड्रायव्हर ओरडला, तिने मूल आत दिलं आणि स्वतः दाराशी अंग चोरून बसली. माझं निम्मं सांगायचं राहिलं होतं. जीप निघाली तेव्हा ती मुलाचं टोपडं बांधत होती.