खांबावरची ओळ

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. कारण मामांबद्दल लिहायला बसलो की हसू येतं आणि हसण्याच्या नादात ती झाकली जाते. मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा, मार्गासनीला राहणारे, इंग्रजीचे निवृत्त शिक्षक. अख्ख्या वेल्हे तालुक्यात इंग्रजी कविता पायांनी वाचणारा दुसरा माणूस सापडायचा नाही. मी भोरच्या कॉलेजात तीच कविता शिकवतो, पण खुर्चीत बसून.

चौदा ओळींची एकच जुनी इंग्रजी कविता त्यांनी जन्मभर धरून ठेवली होती. एक उच्चार हलका, पुढचा जड, अशा पाच जोड्यांची एक ओळ. "आपल्या वृत्तातले लघु-गुरू डोळ्यांना दिसतात, जावईबापू, इंग्रजीतले कानानं पकडावे लागतात," असं म्हणून ते दिसेल त्या वस्तूवर ताल धरत. एसटीत बसले की पत्र्यावर ठोकत, आणि कुणाला तरी उतरायचंय असं वाटून ड्रायव्हर गाडी थांबवी. कंडक्टर हात जोडून म्हणे, "गुरुजी, मांडीवर वाजवा की! वेल्ह्याला पोचायचंय आज." यमकांची रचना समजावायला त्यांनी एकदा गोठ्यात काळी शेळी, पांढरी शेळी, पुन्हा काळी, पुन्हा पांढरी अशा बांधल्या आणि शेवटच्या दोन ओळींसाठी शेजाऱ्याच्या दोन तांबड्या मागून आणल्या. मामी कपाळावर हात मारून म्हणाल्या, "आवं, बांधा की कुठंबी!" "कुठंबी कसं? यमक मोडतं!"

त्यांचं भातखाचर ओढ्यापलीकडं. ओढ्यावर विजेचा जुना सिमेंटचा खांब आडवा टाकलेला. श्रावणात खालून पाणी असं धावतं की मी काठावरच थांबतो. मामा मात्र कवितेतली एक ओळ पुटपुटत, हलकं पाऊल, जड पाऊल टाकत जायचे. ओळ संपायची तिथं पलीकडचा काठ यायचा. त्यांनाही पाण्याची भीती होती, हे मला मामींनी फार उशिरा सांगितलं. ती ओळच त्यांचा कठडा होती.

गेल्या श्रावणात मी काठावर उभा होतो. मामा मधोमध पोचले आणि मला नको तिथं शहाणपण सुचलं. "मामा, ही ओळ जड उच्चारानं सुरू होते! पहिली जोडी उलटी आहे!" माझं म्हणणं बरोबर होतं. दुसरा कुणी "बघू नंतर" म्हणून पुढं गेला असता. मामा थांबले, त्यांचे ओठ हलले, आणि चुकलेली ओळ अर्ध्यातून पुढं कशी न्यायची, म्हणून ती पहिल्यापासून म्हणायला ते खांबावरच मागं वळले.

पाय निसटला. दोन्ही हातांची खांबाला मिठी, कमरेपासून खाली पाणी. मी खांबावर बसून सरकत सरकत गेलो आणि त्यांची कॉलर धरली. ते ओझं काठाला लागेपर्यंत माझ्या डोक्यात एवढंच होतं, की हात सुटला तर मामींना काय सांगायचं?

त्या हिसक्यानं दुखावलेला त्यांचा खांदा बरा झाला, पण मामा गप्प झाले. पडवीत हात मांडीखाली दाबून बसत. मामी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आता ठोकत न्हाईत, म्हनत न्हाईत. खाचराकडं नुसतं बघत्यात. तुमी बोला की वो त्यांच्याशी." मी प्रत्येक खेपेला जाऊन भाताच्या लोंब्यांवर बोलून परत यायचो. मामा रागावतील याची भीती नव्हती. ते माझे आभार मानतील याची होती.

दिवाळीत त्यांनी तेच केलं. "बरं झालं सांगितलंत, जावईबापू," ते हळूच म्हणाले. "इतकी वर्षं पोरांना चुकीचं शिकवलं मी. आता तोंड उघडायचीच भीती वाटते."

मी त्यांच्या पायांशी बसलो. मामी दारात थबकल्या.

"मामा, एका जोडीनं तुमचं शिकवणं खोटं ठरत नाही. तुमच्या पोरांना ती कविता अजून पाठ आहे; माझी पोरं परीक्षेनंतर विसरतात. तुम्ही पाण्यावर होतात आणि मला फक्त बरोबर ठरायचं होतं. तुम्ही काठाला लागेपर्यंत मला थांबता आलं नाही. माझं चुकलं, मामा. मला माफ करा."