उभ्या जहाजाचा धूर

"कोनी पाह्यला?" ऑफिसात ती एवढंच विचारायची. कुणी काही ठासून सांगितलं की हातातलं पेन अंबाड्यात खोवायची, सांगणाऱ्याच्या तोंडाकडं शांतपणे बघायची आणि विचारायची. आमच्या साहेबांना हा प्रश्न मुंगळा चावल्यासारखा लागायचा.

जगातली जहाजं वर्षाकाठी किती धूर सोडतात, त्या अंदाजाचा एक तुकडा जव्हारला, एसटी स्टँडमागच्या दोन खोल्यांत तयार व्हायचा. हसू नका. मुंबईच्या एका कंपनीनं हे काम साहेबांना दिलं होतं. जहाज कुठं आहे, किती वेगानं चाललंय, हे उपग्रहावरून कळायचं. वेगावरून जळालेलं तेल काढायचं आणि तेलावरून धूर. मधली माहिती नसली की साहेब म्हणायचे, "सरासरी टाका, पुढं चला." त्यांचा स्वतःचा सागरी अनुभव म्हणजे गेटवेहून लाँचनं घारापुरीला जाणं, तेही येताना उलट्या करत. तरी खुर्चीमागं नांगराचं चित्र लावलेलं होतं. असे साहेब तुम्हीही पाहिले असतील.

ती जवळच्या पोशेरा गावची. भात-नागलीची थोडी शेती, आणि दिवाळीनंतर सगळं घर भिवंडीकडं वीटभट्टीवर. मुलीची शाळा दरवर्षी अर्ध्यात सुटायची. ती स्वतः मात्र बारावी झालेली, कॉम्प्युटर शिकलेली. या नोकरीमुळं मुलगी पहिल्यांदाच अख्खं वर्ष शाळेत बसणार होती, चौथीचं. हे तिनं मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं, नागलीची अर्धी भाकरी माझ्या डब्याच्या झाकणात ठेवत. मी गावातली, दुकानदाराच्या घरची. माझी नोकरी गेली असती तर मी फार तर घरी बसले असते.

थांबलेल्या जहाजाचा धूर शून्य, हा साहेबांचा नियम. काही जहाजांच्या रोजच्या तेलाच्या नोंदीही आमच्याकडं यायच्या, पण त्या उघडून बघायची तसदी कुणी घेत नसे. तिनं बघितल्या. एक जहाज अकरा दिवस बंदराबाहेर नांगर टाकून उभं होतं आणि तेल रोज जळत होतं. मग तिनं तशी आणखी शोधली. ढीगभर निघाली.

साहेब म्हणाले, खलाशांनी चुकून लिहिलं असेल, शून्य करा.

"कोनी पाह्यला?" ती म्हणाली. "दावनीला बांधलेला बैल खात नाय का, सायेब? आत मानसा हायेत. त्यांना दिवा लागंल, पानी लागंल, रांधाय लागंल."

सगळे हसले. मीही हसले. साहेबांनी मग तिला पाव तास इंजिन समजावून सांगितलं, जे त्यांना स्वतःला समजलेलं नव्हतं. तिनं ऐकून घेतलं आणि जागेवर जाऊन खलाशांचेच आकडे भरले. शेजारी लिहिलं, 'जहाज उभे, जनरेटर चालू.'

तपासणीचं काम माझ्याकडं होतं. जेवणाच्या सुट्टीत मी मोबाईलवर शोधलं, तर तिचंच बरोबर होतं. संध्याकाळी साहेबांनी विचारलं, हिच्या नोंदी नियमात बसतात का? मी म्हणाले, नाही बसत. शब्द अगदी खरा होता. भेकड माणसं असेच खरे शब्द निवडून ठेवतात. शनिवारी तिला काढलं.

दिवाळीच्या तोंडावर मुंबईहून विचारणा झाली, उभ्या जहाजांचा धूर शून्य कसा? साहेबांना घाम फुटला. मग त्यांनी तिच्याच फायली काढल्या, सगळ्या जहाजांना तोच हिशोब लावून घेतला आणि 'आमची अंतर्गत पडताळणी' म्हणून पाठवून दिला. शाबासकी आली, पुढच्या वर्षीचं काम आलं. साहेबांनी नांगराखाली पुष्पगुच्छ धरून फोटो काढला. तिला परत बोलवा, असं मी एकदा म्हणाले. ते म्हणाले, आता नियमच बदललाय, कुणीही भरेल. मी पुढची फाईल उघडली. सोयीचं तेवढंच बोलण्यात मी आता साहेबांइतकीच तरबेज झाले आहे.

दिवाळीनंतर ती मला स्टँडवर भेटली. गोणीत भांडी बांधलेली, नवरा तिकिटाची चौकशी करत होता. मुलगी बरोबर होती. शाळेचं मी विचारलं नाही.

"ताई, ती उभी जहाजा बरोबर केली का सायेबांनी?"

"केली."

"सगली?"

"सगळी."

तिचा चेहरा असा उजळला की मला खाली बघावं लागलं. तिनं नवऱ्याला हाक मारून त्यांच्या बोलीत ते सांगितलं. मग मुलीलाही सांगितलं. कुणाच्या नावावर केली, हे तिनं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

गाडी लागली. मुलीला वर चढवता चढवता ती वळली. "म्हंजे आता बोलवतील ना मला?"

"बोलवतील," मी म्हणाले.

तिनं पिशवीतून मोबाईल काढला, माझा नंबर मला वाचून दाखवला, तोच आहे याची खात्री करून घेतली आणि गाडीत चढली.