पोकळ्याची पहिली तोड

लिहिण्याचं धाडस करतोय, याची आधीच माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. त्या शिक्षणाच्या भरात माझ्या हातून जे झालं, ते मिरवण्यासारखं नाही.

सत्तरच्या दशकाची अखेर असेल. आमचं पाच गुंठे रान धातूचा मुलामा देणाऱ्या प्लेटिंगच्या कारखान्यांच्या खालच्या अंगाला, त्यांचं सांडपाणी वाहणाऱ्या ओढ्याकाठी होतं. ते पाणी पाजलं की पोकळ्याची पालेभाजी पिवळी पडून बोटभरच राहायची. एम.एस्सी.ला मी त्यावरच प्रयोग घेतला. झाडाच्या अंगात वाढीचं जे संप्रेरक असतं, ते अगदी पातळ करून त्यात बी भिजवायचं आणि धातूच्या पाण्यात रोप तग धरतं का ते बघायचं. प्रयोगशाळेत रोपं तगली. मला दम निघाला नाही. तसंच भिजवलेलं बी मी वडिलांना दिलं.

महिन्याभरात रान हिरवंगार झालं. मी पानं माझ्या मार्गदर्शक सरांना दाखवली. त्यांनी एक पान उजेडाला धरून पाहिलं.

"झाडाचा त्रास कमी झालाय. पण धातू गेला कुठं? पानं पुण्याला तपासायला पाठवू. तोवर कुणी खाऊ नका."

सायकल मारत घरी आलो. पहिली तोड विकायची नाही, गल्लीत वाटायची, ही आमची रीत. वडील शेजारच्या भाभींच्या दारात शेवटची पेंडी घेऊन उभे होते.

"घ्या भाभी, पोराच्या औषधाचा पोकळा हाय."

"पोरगं डाक्टर झालं म्हणायचं की!" भाभी हसल्या. "माणसाचा न्हाय तर भाजीचा!"

"भाजीचा तर भाजीचा! आमच्यात एवढं तरी कोण झालंय?"

वडिलांचा चेहरा असा फुललेला मी कधी पाहिला नव्हता. सरांचं सांगणं तसंच ठेवून मी सायकल भिंतीला लावली. रात्री आईनं तीच भाजी भाकरीबरोबर वाढली. मीही खाल्ली.

सकाळी कसंबसं म्हणालो, "आबा, उरलेला बाजारात नेऊ नका. तपासणी व्हायची हाय."

"आन् वाटला त्यो?"

मी सायकल काढून कॉलेजला निघालो. आबा पुन्हा त्या रानात विळा घेऊन गेले नाहीत. उभा पोकळा जून, जरड होऊन तिथंच वाळला. रोज संध्याकाळी मात्र विचारायचे, "आला का रं कागद?"

दिवाळीच्या तोंडावर सरांनी बोलावून कागद हातात दिला. भिजवलेल्या बियांच्या पानांत धातू साध्या बियांच्या पानांपेक्षा कमी होता, पण होता. खाली टाइप केलं होतं : खाण्यास अयोग्य.